कोळंबीचं टरफल आणि पोटातून जाणारं औषध

आम्ही ठाण्याच्या वर्तकनगरातून, बचत गटाच्या वतीने बोलतोय. गटाच्या बैठकीत एक प्रश्न बरेचदा येतो, "ताई, सुई न टोचता तोंडाने घेता येईल असं औषध का नाही काढत?" आज त्यावरच बोलू.

हिमोफिलिया हा आजार घ्या. यात रक्त गोठवणारं एक प्रथिन शरीरात बनत नाही किंवा फार कमी बनतं. जरासा मार लागला तरी सांध्यात रक्त साचतं, गुडघा सुजतो. ते प्रथिन कसं बनवायचं याची सूचना जनुकात असते आणि तीच बिघडलेली असते. हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि बोल मात्र आईला लागतो. बिघडलेलं जनुक आईकडून येऊ शकतं, पण तो तिचा दोष नाही. घराण्यात आधी कुणालाच नसतानाही हा आजार होतो. उपचार म्हणून ते प्रथिन पुन्हा पुन्हा शिरेतून द्यावं लागतं.

मग चांगलं जनुकच तोंडाने दिलं तर? अडचण पोटात आहे. जनुक डीएनएचं बनलेलं असतं. भाजी-डाळीतला डीएनए आपण रोज खातो आणि पचवतो. औषधातल्या डीएनएचंही तेच होणार. पोलिओच्या थेंबांतला दुबळा केलेला विषाणू आतड्यापर्यंत पोचतो, कारण त्याला स्वतःचं कवच असतं. नुसत्या जनुकाला ते नसतं. ते बाहेरून द्यावं लागतं.

इथे कोळंबी कामाला येते. कोळंबी, चिंबोरीच्या टरफलात कायटिन असतं. कारखान्यात टरफलातला चुना आम्लाने आणि प्रथिन अल्कलीने काढतात. मग उरलेल्या कायटिनवर तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलंय. आम्लात कायटोसानवर धन भार येतो. डीएनएवर ऋण भार असतो. दोघं एकमेकांना चिकटतात आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक कण तयार होतात. जनुक आत, कवच बाहेर.

पण नुसतं कायटोसान पुरत नाही. आतड्यात आम्ल कमी होतं, तसा त्याचा भार आणि पकडही कमी होते. म्हणून शास्त्रज्ञ त्यात बदल करतात. कुणी टिकून राहणारा धन भार जोडतात, कुणी आतड्याच्या बुळबुळीत थराला धरून राहतील असे गंधकाचे गट जोडतात, कुणी समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटचा लेप देतात. पकड सैल झाली तर जनुक वाटेतच पचतं. फार घट्ट झाली तर पेशीत पोचूनही सुटत नाही. खरी कसोटी हीच.

1999 साली अमेरिकेत असे कण उंदरांना खाऊ घातले, तेव्हा शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा त्रास कमी झाला. 2008 साली हिमोफिलिया असलेल्या उंदरांना हेच कण दिले. काहींच्या रक्तात ते प्रथिन दिसलं, पण थोड्या काळापुरतंच.

म्हणून नीट ऐका. माणसांसाठी असं तोंडाने घ्यायचं जनुकाचं औषध आज बाजारात नाही. "जनुक सुधारणारी पूड" म्हणून कुणी काही विकत असेल, तर गटाचे पैसे त्यात घालू नका. वजन घटवायला कायटोसानच्या गोळ्या विकतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. कोळंबीची ॲलर्जी असेल तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. आणि टरफलं घरी कॉस्टिकमध्ये उकळायला जाऊ नका, हात भाजतील.

मुलाला वारंवार निळे-काळे डाग पडत असतील, दात पडल्यावर रक्त थांबत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात रक्त तपासून घ्या. हिमोफिलिया निघाला तर ॲस्पिरिन देऊ नका, चालू इंजेक्शनं बंद करू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे तिन्ही आजार आहेत, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

आणि गटात अशा मुलाची आई असेल, तर तिला बोल लावणाऱ्याला आपण सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं.