पायाखाली क्लच नाही, पण गाडीत दोन आहेत!



ऑटोमॅटिक गाडी घरी आली की पहिला आनंद असतो डाव्या पायाला मिळालेल्या सुट्टीचा. पण घाटातल्या गर्दीत हीच गाडी कधी थरथरते, जळका वास येतो आणि शेजारी बसलेलं कुणीतरी म्हणतं, "तुला जमत नाही, दे इकडे." चावी हातातून जाऊ नये, म्हणून आज आम्ही डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या गाडीबद्दल बोलणार आहोत.

इंजिनाची ताकद चाकांना जोडणं आणि सोडवणं, हे क्लचचं काम. डीसीटीत एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा असे गिअर असतात, तर दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटून तयार ठेवावी, तसा पुढचा गिअर आधीच तयार असतो. म्हणून गिअर बदललेला कळतही नाही. फोक्सवॅगनच्या गोल्फ गाडीत २००३ मध्ये ही सोय आली. आता आपल्याकडच्या लहान गाड्यांतही मिळते.

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या मात्र सारख्या नसतात. काहींमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाचा दुवा असतो. त्या गर्दीत रांगणं सहज सोसतात. डीसीटीत क्लच अर्धवट धरला की घासतो आणि तापतो. क्लच कोरडा असेल तर अधिकच, कारण त्याला गार करायला तेल नसतं.

मग करायचं काय?

चढावर थांबताना गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ब्रेक पूर्ण दाबा, म्हणजे क्लच सुटतो. हँडब्रेकची मदत घ्या. काही गाड्या ब्रेक सोडल्यावर क्षण-दोन क्षण चढावर स्वतः थांबतात, पण त्या भरवशावर रेंगाळू नका.

गर्दीत वीतभर पुढे, पुन्हा थांबा, असं करू नका. पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग एकदमच पुढे जा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीच सोडू नका. मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्या. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत.

पुढून मागे जाताना गाडी पूर्ण थांबवा, मगच 'आर' टाका. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायानेच. डावा पाय मोकळाच राहू द्या. सवयीने क्लच शोधायला गेला तर ब्रेकवर पडेल. गाडी लावताना आधी हँडब्रेक ओढा, मग 'पी' टाका.

समोर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली तर रेटू नका. सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या, 'पी'वर ठेवा आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तसं गार होऊ द्या.

क्लच बदलायचा खर्च मोठा असतो, आणि पहिला ठपका चालवणारीवर येतो. गाडी का थरथरते हे ठाऊक असलं, तर कुणी काही म्हटल्यावर आपण चावी देणार नाही, उत्तर देऊ. या रविवारी रिकाम्या चढावर चार वेळा थांबून पुन्हा निघायचा सराव करा. घाट मग तितका अवघड वाटणार नाही.