आमच्याकडं अशी न्हाई म्हणत!

परवा स्वारगेटच्या एसटी स्थानकावर भोरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी नऊवारीतल्या एक आजी आणि त्यांची कॉलेजात जाणारी नात. नातीने मोबाइल आजींच्या कानाशी धरला. त्यावर जात्यावरची ओवी लागली होती. आजींनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं अशी न्हाई म्हणत!" मग गाड्यांच्या त्या गोंगाटात त्यांनी आपली चाल हळूच गुणगुणून दाखवली.

मला घरातली कॅसेट आठवली. माझ्या आजीच्या ओव्या वडिलांनी हौसेने टेप करून ठेवल्या होत्या. शाळकरी वयात मी त्याच कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली. तेव्हा काहीच वाटलं नाही. आजी होती ना घरात! आज तिचा आवाज कुठेच नाही.

सुदैवाने सगळेच असे निष्काळजी नव्हते. १९८०च्या दशकात पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडीच्या बायकांबरोबर काम करताना या ओव्या टिपायला सुरुवात केली. पिठाची गिरणी गावात आली, बाईचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबू लागली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. माहेर, सासुरवास, विठ्ठल, बाबासाहेब, सारं काही त्यांत आहे. २०१७पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर त्यांतल्या काही ऐकायला मिळतात.

मला मोलाचं वाटतं ते हे, की तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. एरवी आपण 'पारंपरिक' एवढं लिहून मोकळे होतो!

संगणक आवाज सांभाळेल. पण 'आमच्याकडं अशी न्हाई' हे सांगायला माणूसच लागतं आणि त्याला विचारायला घरचं कुणीतरी. तुमच्या घरात अशी आजी असेल, तर हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नका.

भोरची गाडी फलाटाला लागली. आजी पिशवी उचलू लागल्या. नातीने मात्र मोबाइल आता त्यांच्या तोंडाशी धरला होता. "आजी, परत म्हण ना," ती म्हणत होती, "आणि आधी तुझं नाव सांग."