चित्रातला कंदील उजळतो कसा?

समजा, शिरूर कासारच्या एखाद्या वर्गाला ‘सिंदफणेच्या काठची रात्र’ हा चित्राचा विषय दिला. बहुतेक मुले आकाश काळे रंगवतील. घरे, झाडे व माणसे मात्र दिवसाच्याच रंगांत काढतील आणि कंदिलाला पिवळाधमक रंग देतील. तरीही कंदील उजळत नाही. असे का व्हावे?

कागद स्वतः प्रकाश देत नाही. पडलेल्या प्रकाशाचा काही भाग तो परावर्तित करतो. पांढरा कागद सुमारे ८० टक्के, तर काळा रंग सुमारे ४ टक्के प्रकाश परत पाठवतो. म्हणजे चित्रातील सर्वांत उजळ जागा सर्वांत काळ्या जागेच्या फार तर वीसपट उजळ. प्रत्यक्षात ज्योत आणि अंधारा कोपरा यांतील फरक हजारो पटींचा असतो. हा फरक कागदावर मावणे शक्य नाही.

येथे आपला डोळा मदतीला येतो. तो उजळपणा शेजारच्या भागाशी तुलना करून ठरवतो. करून पाहा : एकाच करड्या कागदाचे दोन समान चौकोन कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा चौकोन अधिक उजळ भासेल. म्हणून कंदील उजळवायचा असेल, तर आजूबाजूचा परिसर गडद करायला हवा.

सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिवा घेतलेल्या स्त्रीचे हे चित्र जलरंगातले आहे. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे मुख्यतः राखून ठेवलेला कागदाचा पांढरेपणा. भोवतालच्या गडद छटांमुळेच तो उजेड वाटतो.

दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो; तिप्पट झाले की नववा हिस्सा उरतो. तेव्हा कंदिलाजवळची भिंत उजळ काढावी आणि पुढे छटा झपाट्याने गडद करत न्यावी.

चांदण्याची गोष्ट वेगळी. चंद्र दूर असल्याने त्याचा उजेड सर्वत्र सारखा पडतो, पण असतो फार मंद. भर दुपारी सुमारे एक लाख लक्स, तर पौर्णिमेला जेमतेम ०.३ लक्स! एवढ्या कमी उजेडात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी जवळजवळ निकामी ठरतात. काम दंडपेशींवर येते. त्यांना लाल रंग फारसा जाणवत नाही. म्हणून चांदण्यात जास्वंदीचे फूल काळपट दिसते. पुढच्या पौर्णिमेला मुलांना हे पाहायला सांगावे.

शेवटी एक सोपा उपक्रम. रंग नसले तरी प्रत्येक वर्गात काळा फळा आणि पांढरा खडू असतो. मुलांना सांगावे : वस्तूंच्या कडा काढू नका, जेथे उजेड पडतो तेवढ्याच जागी खडू फिरवा. अंधार फळ्यावर आधीच आहे!