प्लाझ्मा-बदल उपचार : सुरक्षितता कशात आहे?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारे सिंड्रोम अर्थात ‘जीबीएस’चे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि ‘प्लाझ्मा एक्स्चेंज’ हा शब्द घरोघरी पोहोचला. अंगातले रक्त बाहेर काढून पुन्हा आत घालणे धोक्याचे नाही का, असा प्रश्न नातेवाइकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर येथे देत आहोत.

या आजारात शरीराच्या रक्षणासाठी असलेली प्रतिपिंडेच मज्जातंतूंवर हल्ला करतात. ती रक्तातील प्लाझ्मा या पिवळसर द्रवात असतात. यंत्र रक्त थोडे थोडे बाहेर घेते, प्लाझ्मा वेगळा करते आणि रक्तपेशी अल्ब्युमिनच्या द्रावणासह परत देते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या अंगात सुमारे अडीच लिटर प्लाझ्मा असतो. एका वेळेस साधारण तेवढाच बदलला जातो. मात्र कोणत्याही क्षणी शरीराबाहेर असलेले रक्त पाव लिटरच्या आसपासच असते. असे उपचार बहुधा दिवसाआड, चार ते सहा वेळा करावे लागतात.

धोके आहेत, पण बहुतेक ओळखीचे आहेत. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरते. ओठांना व बोटांना मुंग्या येतात. कॅल्शियम दिल्यास व यंत्राचा वेग कमी केल्यास त्या थांबतात. रक्तदाब उतरू शकतो. मोठ्या शिरेतील नळीतून जंतुसंसर्ग होऊ शकतो. प्लाझ्माबरोबर रक्त गोठवणारे घटकही निघून जातात, म्हणून त्यांची तपासणी आवश्यक ठरते. सुरक्षितता केवळ यंत्रात नसते. खाटेशेजारी जागरूक राहणाऱ्या परिचारिकेत व तंत्रज्ञात ती असते.

नातेवाइकांचाही यात वाटा आहे. रुग्ण रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्यास, अथवा कशाची अ‍ॅलर्जी असल्यास, ते आधीच सांगावे. रक्तदाबाची काही औषधे अल्ब्युमिनसोबत अपाय करतात आणि ती आदल्या दिवसापासूनच थांबवावी लागतात.

इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनांपेक्षा या उपचाराचा खर्च सामान्यतः कमी असतो. त्यामुळे ‘स्वस्त म्हणजे दुय्यम’ असा समज होतो. जीबीएसमध्ये दोन्हींची परिणामकारकता सारखीच आढळली आहे. लहान मुलांसाठी व रक्तदाब अस्थिर असलेल्यांसाठी इंजेक्शने अधिक सोयीची ठरतात. एकामागून एक दोन्ही देऊन मात्र अधिक लाभ होत नाही. उपचार लक्षणे दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू होणे महत्त्वाचे. तरीही रुग्ण लगेच उठून चालू लागत नाही. पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे, कधी महिने जातात.

अल्ब्युमिन कारखान्यात तयार होते खरे, पण त्याचा उगम मानवी रक्तातच आहे. म्हणून देणगीदारांइतकेच आम्ही अनाम रक्तदात्यांचेही ऋणी आहोत.