जामीनदार कोण?

मोटारसायकल शर्यतींचा हंगाम मार्च ते नोव्हेंबर. त्या शर्यतींवरच्या गप्पांचा खरा हंगाम मात्र त्यानंतर, डिसेंबर ते फेब्रुवारी. जत्रांचे फड संपले की कुस्त्या पारावर रंगतात, कोणता मल्ल कुणाची तालीम सोडणार याची खलबते होतात, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की मल्लांच्या जागी इथे स्वार आहेत आणि तालमींच्या जागी डुकाटी, होंडा, यामाहा, अप्रिलिया, केटीएम.

कराडला सैदापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आसपास संध्याकाळी चहाला थांबलात, तर ही खलबते तुमच्याही कानांवर पडतील. नारिंगी रंगाच्या ड्यूक टेकवून पोरे उभी असतात. मोटोजीपी म्हणजे काय, हे त्यांनीच मला शिकवले. दुचाकींच्या या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाणारी यंत्रे असतात आणि वळणावर स्वाराचा कोपर जमिनीला घासतो. ऐकून माझ्या अंगावर काटा येई. पोरे मात्र निवांत. त्यांची चर्चा करार, पगार, इंजिन आणि अफवांची.

२०२४ चा हिवाळा मला विशेष आठवतो. १७ नोव्हेंबरला बार्सिलोनात हंगाम संपला. होर्हे मार्टिन अवघ्या दहा गुणांच्या आघाडीने जगज्जेता झाला, फ्रान्चेस्को बन्याया दुसरा आला. या निकालावर महिनाभर काथ्याकूट चालायला हरकत नव्हती. पण बाराच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, ऑस्ट्रियातल्या केटीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला. सुमारे दोन अब्ज युरोंचे देणे, गोदामांत न विकलेल्या गाड्यांची थप्पी. आणि याच कंपनीने पुढच्या हंगामासाठी आपल्या मुख्य संघात घेतला होता पेद्रो अकोस्टा, विशीतला, स्पेनमधल्या एका कोळ्याचा मुलगा.

"काका, तुम्ही बँकेत होता ना? कंपनीच बुडाली तर अकोस्टाचं काय?"

पस्तीसेक वर्षांच्या नोकरीत मला कुणी शर्यतीविषयी प्रश्न विचारला नव्हता. हा प्रश्न मात्र माझ्या खात्यातला होता. आमच्याकडे दूधवाले, शिक्षक, कंपाउंडर मोटारसायकलच्या कर्जासाठी येत. गाडी किती पळते हे आम्ही कधीच विचारले नाही. अर्ज पुढे सरकला की पहिला प्रश्न ठरलेला : जामीनदार कोण? कर्जदाराच्या चेहऱ्यावर नव्या गाडीचा उजेड असे आणि शेजारच्या खुर्चीत टोपी मांडीवर ठेवून बसलेल्या मामाच्या चेहऱ्यावर हप्त्यांची चिंता. मी पोरांना म्हणालो, "अकोस्टाचं नंतर बघू. आधी घेणेकरी काय म्हणतात आणि जामिनाला कोण उभं राहतं, ते बघा."

आणि जामिनाला उभे राहिले कोण, तर पुणे! बजाजने २००७ मध्ये केटीएमचे साडेचौदा टक्के भाग घेतले होते आणि पुढे ते वाढवत नेले. २०१२ पासून आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या ड्यूक बजाजच्या चाकणच्या कारखान्यातल्या. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी घेणेकऱ्यांनी शंभरातले तीस घेऊन बाकीवर पाणी सोडायला मान्यता दिली. पाचच दिवसांनी, २ मार्चला, थायलंडमध्ये नवा हंगाम सुरू झाला आणि नारिंगी गाड्या रांगेत उभ्या होत्या. मे महिन्यात बजाजने एकूण ऐंशी कोटी युरोंची तजवीज जाहीर केली. नोव्हेंबरात कंपनीचा ताबाच बजाजकडे आला. चहावर पेढे वाटले गेले. एखाद्याचा मामा परदेशात कारखानदार झाल्यासारखी पोरांची कॉलर ताठ!

मलाही आनंद झाला. पण ताळेबंदात जमेची बाजू वाचून थांबायची सवय आम्हां लोकांना नसते.

ही पहिली वेळ नव्हती. मुंबईच्या महिंद्रने २०११ ते २०१७ या काळात याच स्पर्धेच्या धाकट्या वर्गात आपला संसार थाटला होता. २०१६ च्या जूनमध्ये हॉलंडमधल्या आसेनला महिंद्रच्या गाडीने पहिली शर्यत जिंकली. स्वार होता एकोणीस वर्षांचा बन्याया. त्याच संघात त्याचा जोडीदार होता मार्टिन. पुढच्याच वर्षी महिंद्रने गाशा गुंडाळला. आणि ती पोरे? बन्याया २०२२ आणि २०२३ चा जगज्जेता, मार्टिन २०२४ चा. ओळीने तीन वर्षे जगज्जेतेपद अशा स्वारांकडे गेले, ज्यांनी उमेदीच्या काळात मुंबईकर कंपनीची गाडी चालवली होती. खुराक आपला, आखाडा आपला. गदा उचलली ती दुसऱ्या तालमीच्या नावाने. धंद्यात असे व्हायचेच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे. मोटोजीपीच्या वरच्या वर्गात पूर्ण हंगाम खेळलेला भारतीय स्वार आजतागायत झालेला नाही. २०२३ च्या सप्टेंबरात ही शर्यत दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर आली, तेव्हाही आपण गॅलरीतच होतो.

आपल्याकडे पैसा आहे, यंत्र आहे, इंजिनावर रात्र जागवणारी पोरे आहेत. पण आपली जामीनकी कंपनीला मिळते, यंत्राला मिळते. पोराला मिळत नाही. स्पेन-इटलीत मूल पाचसहा वर्षांचे झाले की छोट्या गाडीवर बसते आणि पुढची दहा वर्षे टायर, पेट्रोल, प्रवास, मोडलेली हाडे यांचा खर्च कुणीतरी सोसतो. या खर्चासाठी कर्जाचा छापील अर्ज मी तरी कोणत्या शाखेत पाहिला नाही. शिवाय तारण काय लिहिणार? सहा वर्षांच्या पोराची छाती?

असे तारण लिहून घेणारा एक माणूस मात्र आपल्याच मुलखात होऊन गेला. कराडला खेटून असलेल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा वर्गणीने भागेना. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक. बैलगाड्यांच्या मिरवणुकीतून ते गावी आले आणि मग कुस्त्यांचे फड भरवून त्यांनी ते घर सोडवले, असे या भागात आजही सांगतात. बँकेच्या नजरेने ते कर्ज अव्वल दर्जाचे अनुत्पादक. कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याने त्यावर लाल शेरा मारला असता. मीही मारला असता.

पोरांना मी ही गोष्ट सांगितली. त्यांना खाशाबा ठाऊक होते, गहाण घर ठाऊक नव्हते. क्षणभर गप्पा थांबल्या. मग एकजण हिशेब करू लागला : त्या वेळचे सात हजार म्हणजे आजचे किती? दुसरा म्हणाला, रक्कम सोड, आज प्राचार्य कुठून आणायचा?

गप्पांचा पुढचा हंगाम येईल, तेव्हा अकोस्टा कुठे जाणार यावर पैजा लागतीलच, लागू देत. पण चाकणच्या गाडीवर बसणारे नाव कराड, इस्लामपूर, विट्याकडचे असावे असे वाटत असेल, तर त्या पोराचे वय आज सहा वर्षांचे असणार. त्याचा अर्ज कोऱ्याच कागदावर येईल. त्यावर जामीनदार म्हणून सही कोण करणार, एवढे ठरवायचे आहे.