पाहुण्यांना बाल्टिमोर दाखवताना

जून उजाडला की आपल्या घराघरांतून एकच लगबग सुरू होते. भारतातून आई-वडील, सासू-सासरे, क्वचित एखादे काका-काकू यायचे असतात. पहिले चार दिवस त्यांचे झोपेचे गणित जुळवण्यात जातात आणि मग प्रश्न पडतो, यांना दाखवायचे काय? वॉशिंग्टनची संग्रहालये, नायगाराची बसची सहल आणि न्यूयॉर्क हे ठरलेले असते. आपल्या दाराशी असलेल्या बाल्टिमोरच्या वाट्याला मात्र जेमतेम अर्धा दिवस येतो. इनर हार्बरपाशी गाडी लावायची, मत्स्यालय पाहायचे, पाण्याकाठी फोटो काढायचे, आइस्क्रीम खायचे आणि बेल्टवेवर गर्दी व्हायच्या आत घर गाठायचे. मी गेली तीस वर्षे या परिसरात राहतो आहे आणि अनेक पाहुण्यांना घेऊन या शहरात हिंडलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, बाल्टिमोरला दोन दिवस द्यावेत आणि ते एका ठरावीक क्रमाने पाहावे.

हा क्रम सुचला तो माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांची सगळी हयात मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये गेलेली. इनर हार्बरवर चौफेर नजर फिरवून ते म्हणाले, "जावईबापू, हे सगळं झकास आहे, पण बंदर कुठं आहे?" प्रश्न अगदी रास्त होता. तिथे ना मालाच्या क्रेन, ना गोदामे, ना गोदी कामगार. 'हार्बर' हे नाव तेवढे उरलेले.

बंदर गेले कुठे?

बाल्टिमोर वसले १७२९ साली. अटलांटिकच्या मोठ्या बंदरांपैकी हे सर्वांत आत शिरलेले. जहाजाला चेसापीक उपसागरातून दीडशेहून अधिक मैल वर यावे लागते. पण एकदा माल इथे उतरला की देशाच्या मध्यभागापर्यंतचा जमिनीवरचा प्रवास इतरांपेक्षा कमी. बाल्टिमोरचे सगळे भाग्य या एका भौगोलिक गोष्टीवर उभे आहे. म्हणूनच इथल्या व्यापाऱ्यांनी १८२७ साली 'बाल्टिमोर अँड ओहायो' ही रेल्वे कंपनी काढली आणि १८३० साली त्यांच्या गाड्या प्रवासी नेऊ लागल्या. बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी त्यानंतर तेवीस वर्षांनी, १८५३ साली धावली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंटेनर आले आणि गणित बदलले. अवाढव्य जहाजांना खोल पाणी हवे, कंटेनर रचायला विस्तीर्ण मोकळी जागा हवी. शहराच्या पोटातल्या जुन्या धक्क्यांवर दोन्ही नव्हते. बंदर बाहेर, डंडॉक आणि सीगर्टकडे सरकले. मुंबईच्या मंडळींना हे समजावून सांगावे लागत नाही. जुन्या गोद्यांचा भार हलका करायला १९८९ साली न्हावा-शेवा सुरू झाले, त्यामागे हीच कारणे होती. ओस पडलेल्या धक्क्यांचे करायचे काय, याला बाल्टिमोरने दिलेले उत्तर म्हणजे आजचे इनर हार्बर. १९८० साली हार्बरप्लेसची दुकाने उघडली, १९८१ साली मत्स्यालय. जगातल्या अनेक बंदरांनी त्याचा कित्ता गिरवला. पुढे हार्बरप्लेसची रया गेली, पण मत्स्यालय टिकून आहे.

जुन्या बंदराची एक खूण मात्र १९८९ पर्यंत होती. मॅकॉर्मिक या मसाल्याच्या कंपनीची इमारत इथेच पाण्यासमोर होती आणि दालचिनी-मिऱ्यांचा वास बंदरभर दरवळत असे. त्या वर्षी ती पाडली. जुने बाल्टिमोरकर त्या वासाची आठवण अजून काढतात.

पहिला दिवस

सकाळ मत्स्यालयाला द्या. तिकिटे वेळेनुसार असतात, ती आधी काढून ठेवावीत. नातवंडे शार्क पाहून आणि आजी-आजोबा वरच्या मजल्यावरचे वर्षारण्य पाहून रमतात. बाहेर धक्क्यांमधल्या पाण्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये तरंगती पाणथळ जागा खुली झाली आहे. ती पाहायला पैसे पडत नाहीत. मानवाने हा काठ बांधून काढण्यापूर्वी तो कसा दिसत असावा, याची तिथे कल्पना येते.

तिथून चार पावलांवर 'कॉन्स्टेलेशन' उभे आहे. हे १८५४ सालचे शिडांचे युद्धनौका-जहाज. केवळ शिडांवर चालणारे अमेरिकन नौदलाचे हे शेवटचे युद्धजहाज मानले जाते. बहुतेक लोक तोफांशेजारी फोटो काढून उतरतात. पण या जहाजाची खरी कहाणी वेगळी आहे. गुलामांचा चोरटा व्यापार रोखण्यासाठी ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गस्त घालत असे. १८६० साली त्याने 'कोरा' नावाचे जहाज पकडले आणि त्यातल्या ७०५ माणसांची सुटका केली.

इथून वॉटर टॅक्सीने फेल्स पॉइंटला जावे (वेळापत्रक मोसमानुसार बदलते, आधी पाहून घ्यावे). हा जुन्या दगडी रस्त्यांचा, बुटक्या विटांच्या घरांचा भाग. इथे जहाजबांधणीचे कारखाने होते आणि वेगवान 'बाल्टिमोर क्लिपर' इथे बांधली जात. फ्रेडरिक डग्लस हा गुलाम मुलगा याच भागात लिहा-वाचायला शिकला. मोठा झाल्यावर तो जहाजांच्या फळ्यांतल्या फटी बुजवण्याचे काम करी आणि मजुरी मालकाच्या हातात ठेवी. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाच्या वेषात, दुसऱ्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाचे कागद खिशात घालून, तो आगगाडीने उत्तरेकडे निसटला आणि पुढे गुलामगिरीविरुद्धचा मोठा वक्ता झाला. इथले डग्लस आणि आयझॅक मायर्स यांच्या नावाचे छोटे संग्रहालय जरूर दाखवा. मायर्सच्या पुढाकाराने १८६८ साली कृष्णवर्णीय कामगारांनी स्वतःच्या मालकीची गोदी काढली होती.

आपल्या पाहुण्यांना इथे आणखी एक गोष्ट सांगता येते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलेले आहे. पुण्यात बसून जोतिरावांनी ज्या लढ्याला नमस्कार केला, त्यातला एक मोठा योद्धा याच धक्क्यावर घाम गाळत होता. हे ऐकले की कॉन्स्टेलेशनच्या तोफा आणि फेल्स पॉइंटच्या गल्ल्या एकदम आपल्याशा वाटू लागतात.

जेवणाचे म्हणाल तर इथे खेकडे. कोकणातल्या, मुंबईच्या मंडळींना चिंबोरीची सवय असते. त्यांना कागद अंथरलेल्या टेबलावर लाकडी हातोडीने चेसापीकचे निळे खेकडे फोडू द्यावेत. वर जो 'ओल्ड बे' मसाला भुरभुरतात, तो १९३९ च्या सुमारास गुस्ताव ब्रुन यांनी तयार केला. ते नाझी जर्मनीतून जीव वाचवून इथे आलेले ज्यू व्यापारी. एका निर्वासिताचा मसाला आज मेरीलँडची ओळख आहे. घरात शाकाहारी माणसे असतील तर दशम्या आणि चटणी बरोबर घ्यावी, पाण्याकाठी बाक पुष्कळ आहेत.

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी गर्दीकडे पाठ फिरवून बंदराच्या दक्षिण काठाने निघावे. आधी फेडरल हिल. टेकडी लहान, पण माथ्यावरून सगळे इनर हार्बर एका नजरेत येते. काल पायी पाहिलेले आज वरून पाहिले की नकाशा डोक्यात बसतो.

तिथून की हायवेवर बाल्टिमोर म्युझियम ऑफ इंडस्ट्री. १८६५ च्या सुमाराच्या, कालवे डबाबंद करण्याच्या कारखान्यात हे संग्रहालय आहे. छापखाना, शिवणकाम, यंत्रशाळा, डबे भरण्याचे काम, हे सगळे इथे हाताळण्याच्या अंतरावर पाहायला मिळते. ज्यांनी आयुष्यभर गिरणीत, कारखान्यात किंवा रेल्वेत नोकरी केली आहे, अशा वडीलधाऱ्यांना इथून हलवणे कठीण जाते. एरवी परदेशात गप्प गप्प असलेले आजोबा इथे नातवाला लेथ कसा चालतो ते समजावून देऊ लागतात.

पलीकडे डॉमिनो साखर कारखाना दिसतो. १९२२ पासून तो इथे आहे आणि त्याची लाल अक्षरांची पाटी १९५१ पासून बंदरावर झळकते आहे (२०२१ साली जुने निऑन काढून एलईडी बसवले). आपल्याकडचा साखर कारखाना उसाच्या फडाजवळ असतो. इथे मात्र कच्ची साखर जहाजातून येते आणि धक्क्यावरच शुद्ध होते. कोल्हापूर-सांगलीच्या पाहुण्यांशी यावर तासभर गप्पा सहज होतात.

यापुढचा भाग लोकस्ट पॉइंट. १८६७ साली रेल्वे कंपनी आणि एक जर्मन जहाज कंपनी यांच्यात करार झाला. युरोपातून माणसे आणायची आणि परतीच्या फेरीत इथला माल न्यायचा. १८६८ ते १९१४ या काळात सुमारे बारा लाख माणसे इथे उतरली. धक्क्यावरूनच आगगाडीचे तिकीट मिळे आणि बरेच जण शहर न पाहताच पश्चिमेकडे जात. त्यांच्यासाठी १९०४ साली बांधलेल्या वसतिगृहात आज छोटे इमिग्रेशन म्युझियम आहे. ते मोजक्याच दिवशी उघडे असते, चौकशी करून जावे. आपण विमानाने आलो, हातात डिग्री आणि नोकरीचे पत्र होते. तरीही तिथल्या पेट्या, गाठोडी पाहून आई-वडील आपल्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात. मुलगा परदेशी गेला म्हणजे नक्की काय झाले, ते त्यांना तिथे दिसते.

शेवटी फोर्ट मॅकहेन्री. १३ आणि १४ सप्टेंबर १८१४ रोजी ब्रिटिश आरमाराने या किल्ल्यावर सुमारे २५ तास तोफगोळे डागले. किल्ला पडला नाही. सकाळी झेंडा फडकताना पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने कविता लिहिली, ती १९३१ साली अमेरिकेचे राष्ट्रगीत झाली. त्या कवितेत ज्यांचा उल्लेख आहे ते अग्निबाण काँग्रीव्ह यांचे. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती लागलेल्या म्हैसूरच्या अग्निबाणांवरून त्यांनी ते विकसित केले होते. ही माहिती दिली की भारतातून आलेला कोणीही ताठ बसतो!

मुंबईत आणखी एक गोष्ट सांगितली जाते, की ही कविता मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या 'मिंडेन' या जहाजावर लिहिली गेली. मिंडेन १८१० साली मुंबईत बांधले गेले हे खरे आणि ती अभिमानाची बाब आहे. पण की त्या रात्री एका अमेरिकन बोटीवर होता. कैदेत पडलेल्या एका डॉक्टरची सुटका करून घेण्यासाठी तो पांढऱ्या निशाणाखाली गेला होता. तेव्हा पाहुण्यांना अग्निबाणांची गोष्ट सांगावी आणि मिंडेनची सोडून द्यावी. किल्ल्यावर सकाळ-संध्याकाळ झेंडा बदलताना रेंजर लोक पाहुण्यांनाही हात लावू देतात, ती वेळ साधता आली तर पाहावी.

पूल आणि खलाशी

किल्ल्याच्या तटाबाहेर पाण्याच्या कडेने सपाट पायवाट आहे. तिथून समुद्राच्या दिशेला की याच्याच नावाचा, १९७७ साली खुला झालेला पूल दिसत असे. २६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोलंबोकडे निघालेल्या 'दाली' या मालवाहू जहाजाची वीज गेली आणि ते पुलाच्या खांबावर आदळले. धोक्याचा संदेश वेळेवर गेल्यामुळे पोलिसांनी वाहतूक थांबवली. पण पुलावर खड्डे बुजवणारे सहा मजूर मेले. सगळे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले. जहाजावर २१ माणसे होती, त्यांतली २० भारतीय आणि एक श्रीलंकेचा. ती कित्येक आठवडे जहाजावरच अडकून पडली. तपासासाठी त्यांचे फोनही घेतले गेले, आणि खलाशांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थांनी त्यांना सिमकार्डे आणि खाऊ पोहोचवला. बंदराचा मुख्य मार्ग १० जूनला पूर्ण खुला झाला.

त्या दिवसांत सगळ्या देशाला बाल्टिमोरचे बंदर जिवंत असल्याची आठवण झाली. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, इथून साडेआठ लाखांच्या आसपास मोटारी आणि हलके ट्रक हलवले गेले होते. इथून निघणाऱ्या कोळशाचा मोठा वाटा तर भारतात जातो. म्हणजे सासऱ्यांनी विचारलेले बंदर आहे. ते इनर हार्बरवरून दिसत नाही, एवढेच. किल्ल्याच्या पायवाटेवर अर्धा तास बसले की जहाजे जाताना दिसतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या डेकवर आपल्याकडची मुले काम करत असतात.

पाऊस आला तर वॉल्टर्स कलासंग्रहालय आहे. प्रवेश मोफत आणि भारतीय, नेपाळी, तिबेटी मूर्तींचा संग्रह पाहण्यासारखा. बी अँड ओ रेल्वे संग्रहालयातली १८८४ ची गोल इंजिनशाळा रेल्वेवाल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवावी.

आता एक सूचना आपल्या मंडळाच्या सहल समितीला. उन्हाळ्यात सगळ्यांचेच पाहुणे आलेले असतात. एका शनिवारी सर्वांनी मिळून हा दुसऱ्या दिवसाचा मार्ग करावा आणि वाटेत बंदरावरच्या खलाशी केंद्राला आधी विचारून हवे ते पोहोचवावे. लाडू-चिवड्याचे डबे चालतात की नाही, तेही विचारू. जहाजावरच्या मुलांना किनाऱ्यावर काही तासच मिळतात. आपल्या आई-वडिलांना मात्र गप्पा मारायला भरपूर वेळ असतो.