'ब' जीवनसत्त्वाची गोळी : अनुभव आणि सावधगिरी

आजाऱ्यांच्या भेटीस आम्ही जातो तेव्हा उशाशी एक गोष्ट बहुधा दिसते. ती म्हणजे 'ब' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पट्टी. तिच्याविषयी लोकांचे अनुभव मात्र एकसारखे नाहीत. कोणी म्हणतो, तोंडाचे चिरलेले कोपरे भरून आले. कोणी म्हणतो, जिभेची आग शमली. उलट कोणाची तक्रार असते की, महिनाभर गोळ्या घेऊन लघवी तेवढी पिवळी झाली, गुण काहीच नाही. हा पिवळेपणा ब-२ मुळे येतो. त्याला भिण्याचे कारण नाही. हे सारेच अनुभव खरे असू शकतात. शरीरात ज्याची उणीव असेल तेच मिळाले तर गुण येणार, हे उघड आहे.

ह्या बाबतीत मुंबईतील एक प्रयोग सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी हिंदुस्थानात आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या घातक पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिला असता त्या स्त्रियांचे रक्त सुधारते, असे त्यांना आढळले व १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य 'ब' गटातलेच होते. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळे काढण्यात आले आणि त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. गरोदर स्त्रियांना आजही ते दिले जाते.

परंतु जे औषध एकाला तारते तेच दुसऱ्याचा रोग झाकू शकते. ब-१२ ची उणीव असलेल्या माणसाने नुसते फॉलिक आम्ल घेतले तरी त्याचे रक्त सुधारते व थकवा कमी होतो. "गोळी लागू पडली" म्हणून घरचेही निश्चिंत होतात. इकडे मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. पायांना मुंग्या येतात, पुढे बधिरता येते, चालताना तोल जातो. आणि उपचारास फार उशीर झाला तर ही हानी कायमची ठरते. तसेच ब-६ दीर्घकाळ अति प्रमाणात घेतल्यास त्यानेच हातपाय बधिर होतात. म्हणजे ज्या दुखण्यासाठी गोळी घ्यावी तेच दुखणे पदरी पडावे!

ब-१२ ही दूध, अंडी, मासे व मांस ह्यांतून मिळते. म्हणून निव्वळ शाकाहारी माणसे, अन्नातील ब-१२ नीट शोषून न घेऊ शकणारे वृद्ध आणि मेटफॉर्मिन हे औषध वर्षानुवर्षे घेणारे मधुमेही ह्यांनी विशेष जपावे. अशांपैकी काहींना साध्या गोळीतील अल्प मात्रा पुरत नाही. इंजेक्शन घ्यावे लागते.

ब-१ च्या बाबतीत आपल्या वडीलधाऱ्यांची रीत शहाणपणाची होती. गोव्याकडील उकडा तांदूळ सडण्यापूर्वी भातासकट उकडला जात असल्याने कोंड्यातील ब-१ दाण्यात उतरते व सडल्यावरही बरेचसे टिकते. पांढऱ्याशुभ्र तांदळात ते फारच थोडे उरते.

तेव्हा आमचे सांगणे इतकेच : शेजाऱ्याला आलेला गुण पाहून आपण गोळी सुरू करू नये. पाय बधिर होत असतील तर आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे. कारण गोळ्या सुरू केल्यावर रक्तातील प्रमाण वाढते आणि मूळची उणीव हुडकणे कठीण जाते. घरातील वृद्ध माणूस अंधारात भिंतीला धरून चालू लागले असेल, तर ते केवळ वयाचे म्हणून सोडून देऊ नये.